लॅम्डाचं ग्लोबल पोलरायझेशन: टॉय मॉन्टे कार्लोत २ टक्के घातले, हातात उणे ०.४ टक्के आले

खाडीपट्टा (रत्नागिरी)

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जड आयनांच्या टकरींतलं लॅम्डा हायपेरॉनचं (स्ट्रेंज क्वार्क असलेला, प्रोटॉन आणि पायॉनमध्ये फुटणारा कण) ग्लोबल पोलरायझेशन, म्हणजे त्यांचे स्पिन टकरीच्या कोनीय संवेगाच्या दिशेला किती झुकलेत, कसं मोजतात ते टॉय मॉन्टे कार्लोवर (यादृच्छिक अंकांनी बनवलेल्या कृत्रिम टकरी) करून बघतोय. खरा डेटा नाही. सगळं रूट आणि सी++ मध्ये, घरच्या लॅपटॉपवर.

प्रत्येक इव्हेंटमध्ये एकच लॅम्डा ठेवलाय, एकूण २ लाख. रिअ‍ॅक्शन प्लेनचा (बीम आणि दोन केंद्रकांमधलं अंतर यांची पातळी) कोन (साय) यादृच्छिक. कोनीय संवेगाची दिशा साय + ९० अंश धरली. लॅम्डाच्या रेस्ट फ्रेममध्ये प्रोटॉनची दिशा १ + आल्फा × पी × कॉस थीटा* या वितरणातून उचलली; पी (पोलरायझेशन) = ०.०२, आल्फा (क्षयात प्रोटॉन स्पिनकडे किती झुकतो तो स्थिरांक) = ०.६४२, थीटा* कोनीय संवेगापासून. मग लॅब फ्रेममध्ये बूस्ट, पायॉनवर पीटी (बीमला आडवा संवेग) ०.१५ जीईव्हीच्या वर असा कट, आणि परत लॅम्डाच्या फ्रेममध्ये बूस्ट.

इव्हेंट प्लेनसाठी (कणांवरून काढलेला सायचा अंदाज) पुढे आणि मागे एकेक डिटेक्टर, प्रत्येकात ५० कण. व्ही-१ (कण प्लेनच्या एका बाजूला किती झुकतात ते) पुढे धन, मागे ऋण. दोन्हीकडच्या कणांची एकत्र बेरीज करून साय काढला. रिझोल्यूशनसाठी (काढलेला साय खऱ्याच्या किती जवळ ते; १ म्हणजे अचूक) दोन्ही बाजूंच्या कोनांतल्या फरकाच्या कोसाइनची सरासरी घेऊन वर्गमूळ काढायला गेलो, तर आतली संख्या ऋण येते आणि उत्तर नॅन (संख्याच नाही). म्हणून तात्पुरतं ०.४ हाताने घातलं. शेवटचं सूत्र:

पी = [८ ÷ (पाय × आल्फा)] × <साइन(साय − फाय*)> ÷ रिझोल्यूशन

इथे फाय* म्हणजे प्रोटॉनच्या दिशेचा बीमभोवतीचा कोन, आणि आल्फा नव्या तक्त्यातला, ०.७४७. उत्तर −०.४ टक्के.

चिन्ह का उलटं, आणि बाकीचं पोलरायझेशन गेलं कुठे? शिवाय एक समजुतीचा प्रश्न. २०० जीईव्हीच्या टकरीत (न्यूक्लिऑनांच्या जोडीमागची ऊर्जा) कोनीय संवेग ७.७ जीईव्हीपेक्षा कितीतरी जास्त, मग मोजलेलं पोलरायझेशन कमी कसं?

पावसात लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे रात्रभर चालणारा जॉब सुचवू नका ही विनंती.

---

हापूस_हेड्रॉन (देवगड)

चिन्हाचा विचार करण्याआधी त्रुटी काढा. तुम्ही उत्तरापुढे अधिक-उणे लिहिलेलंच नाही, आणि इथे सगळं त्यावरच अडलंय.

८ ÷ (३.१४१६ × ०.७४७) = ३.४१. साइनचा प्रसार ०.७०७, म्हणजे गुणाकार २.४१. भागिले रिझोल्यूशन ०.४, झाले ६.०३. भागिले २ लाखांचं वर्गमूळ, म्हणजे ४४७. त्रुटी आली ०.०१३५, अर्थात १.३५ टक्के. तुमचं उत्तर −०.४ ± १.३५ टक्के आहे. ते शून्याशी जुळतं, +१ शी जुळतं, −२ शीही बऱ्यापैकी जुळतं. अशा आकड्याच्या चिन्हावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

२ टक्के पाच सिग्मांनी (त्रुटीच्या पाचपट) दिसायला त्रुटी ०.४ टक्के हवी, म्हणजे (६.०३ ÷ ०.००४) चा वर्ग, साधारण २३ लाख लॅम्डा. पाव टक्का पाच सिग्मांनी हवा असेल तर साडेचौदा कोटी. २०० जीईव्हीला खरं पोलरायझेशन एवढंच असतं. म्हणून तर स्टार प्रयोगाने (अमेरिकेतल्या रिक कोलायडरवरचा) २००७ साली ६२.४ आणि २०० जीईव्हीच्या सोनं-सोनं टकरींतून फक्त २ टक्क्यांची वरची मर्यादा दिली, आणि २०१७ साली पहिला ठाम संकेत दिला तोही ७.७ ते ३९ जीईव्हीच्या पट्ट्यातून. २०० जीईव्हीचा शून्यापासून वेगळा आकडा २०१८ ला आला.

पण तुमचं काम पद्धत तपासण्याचं आहे, निसर्ग तपासण्याचं नाही. मग पी = ०.०२ कशाला घालता? पी = १ घाला, साय खराच वापरा (रिझोल्यूशन १), पीटीचा कट काढून टाका. २ लाखांत त्रुटी अर्ध्या टक्क्याची येईल आणि कोडमधली प्रत्येक चूक उघडी पडेल. ते १.००० आलं की एकेक गोष्ट परत आणा: आधी इव्हेंट प्लेन, मग कट, मग पार्श्वभूमी. दोन गोष्टी एकदम आणू नका. सगळं बसलं की शेवटी पी = ० घाला. शून्य घालून शून्य येतं का, ही चाचणी लोक टाळतात, आणि खोटे सिग्नल नेमके तिथेच सापडतात.

पी = ० साठी एक अडचण आधीच सांगतो. कॉस थीटा* थेट उचलायचं नेहमीचं सूत्र, ए = आल्फा × पी आणि आर हा ० ते १ मधला यादृच्छिक अंक धरून, असं असतं:

कॉस थीटा* = [−१ + √(१ − २ए + ए² + ४एआर)] ÷ ए

ए शून्य झाला की शून्याने भागाकार. अंश-छेद परिमेय करून घ्या:

कॉस थीटा* = (४आर − २ + ए) ÷ [१ + √(१ − २ए + ए² + ४एआर)]

ए = ० ला हे आपोआप २आर − १ होतं.

वेळेचं म्हणाल तर ट्री (प्रत्येक इव्हेंटची नोंद) लिहू नका, सगळा वेळ डिस्कवर लिहिण्यात जातो. थेट टी-प्रोफाइल (रूटमधला सरासरीचा आलेख) भरा. २३ लाख लॅम्डांना रात्र लागत नाही, चहा होईस्तोवर आटपतं. पीटी आणि इव्हेंट प्लेन धरूनही. तरी लाईटची धास्ती असेल तर एकेक लाखाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला वेगळं सीड (यादृच्छिक अंकांचा आरंभ), वेगळी फाइल, आणि शेवटी रूटच्या एचअ‍ॅडने जोडा. टी-प्रोफाइल नीट जोडले जातात. सीड मात्र फाइलच्या नावातच लिहा. दोन तुकडे एकाच सीडने चालले तर त्रुटी कमी झाल्यासारखी दिसते, होत नाही.

---

मालवणी_क्वार्क (मालवण)

वरच्या हिशेबाशी सहमत. पण खाडीपट्टाच्या बाबतीत लॅम्डा कितीही वाढवले तरी २ टक्के येणार नाहीत. आधी ह्या बघ: वर्गमुळाखाली ऋण संख्या आली तेव्हा कोड खरं सांगत होता आणि तू ०.४ घालून त्याचं तोंड बंद केलंस.

व्ही-१ हा रॅपिडिटीत (बीमच्या दिशेच्या वेगाचं माप; मध्य म्हणजे शून्य) विषम असतो. मागच्या डिटेक्टरातले कण पुढच्यांच्या बरोबर उलट दिशेला झुकतात. दोघांची सरळ बेरीज केली की क्यू-व्हेक्टर (कणांच्या दिशांच्या बेरजा) एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो निव्वळ गोंगाट. त्यातून निघालेल्या सायचं खरं रिझोल्यूशन शून्याजवळ आहे. शून्य सिग्नलला ०.४ ने भागलं की येतं मोठं केलेलं शून्य. तुझे −०.४ टक्के ते हेच.

उपाय सोपा. मागच्या कणांना −१ वजन दे (किंवा मागच्या सायमध्ये पाय मिळव). मग <कॉस(साय-पुढे − साय-मागे)> धन येईल. त्याचं वर्गमूळ हे एका बाजूचं रिझोल्यूशन. दोन्ही बाजू मिळून केलेल्या प्लेनसाठी नुसतं √२ ने गुणून चालत नाही, ते फक्त रिझोल्यूशन फार कमी असताना ठीक. पोस्कान्झर आणि वोलोशिन यांच्या १९९८च्या पद्धतीने बेसेल फलनांतून आधी एका बाजूचा ‘काय’ (χ, रिझोल्यूशन ठरवणारा आकडा) काढायचा, त्याला √२ ने गुणायचं, आणि त्या नव्या ‘काय’चं रिझोल्यूशन वाचायचं. एका बाजूला ०.३० असेल तर √२ ने ०.४२४ येतं, बरोबर उत्तर ०.४१. तीन टक्क्यांचा फरक, फुकटचा.

खऱ्या प्रयोगात सेंट्रॅलिटीप्रमाणे (टक्कर किती समोरासमोर ते) रिझोल्यूशन बदलतं. फार मध्यवर्ती टकरीत स्पेक्टेटर (न टकरता पुढे जाणारे न्यूक्लिऑन) थोडे, फार कडेच्या टकरीत कण थोडे, मधल्या पट्ट्यात सगळ्यात चांगलं. सगळं एकत्र करून एकाच सरासरीने भागू नये. प्रत्येक पट्ट्यात भागून मग लॅम्डांच्या संख्येप्रमाणे वजन द्यायचं.

आता चिन्ह. हे दुरुस्त केल्यावर तुला उणे २ टक्के दिसतील, कारण तुझा जनरेटर आणि तुझं सूत्र वेगवेगळ्या दिशेला कोनीय संवेग धरतात. साय = ० घे. +झेड दिशेने जाणारं केंद्रक +एक्स बाजूला आहे. स्थान × संवेग (सदिश गुणाकार) कर: एक्स × झेड = −वाय. म्हणजे कोनीय संवेग साय − ९० अंशांना, साय + ९० ला नाही. साइन(साय − फाय*) हे सूत्र हीच दिशा धरून लिहिलेलं आहे. जनरेटरमधलं अधिक काढून उणे कर.

प्रत्यक्ष प्रयोगात याच्यापुढे आणखी एक पायरी असते: डिटेक्टरात दिसणारे स्पेक्टेटर टकरीच्या मध्यापासून बाहेर ढकलले जातात की आत ओढले जातात? बाहेर. हे आधी ठरवल्याशिवाय पोलरायझेशनचं चिन्ह सांगताच येत नाही.

आल्फाची गंमत वेगळी. जनरेटरमध्ये ०.६४२, विश्लेषणात ०.७४७. त्यामुळे २ चे १.७२ टक्के होतील. ०.६४२ हा जुना आकडा कित्येक दशकं तक्त्यात होता. २०१९ साली बीईएस-३ प्रयोगाने ०.७५० मोजला आणि सगळ्यांना जुने निकाल खाली आणावे लागले. जुन्या पेपरातला पोलरायझेशनचा आकडा घेताना तो कुठल्या आल्फाने काढलाय ते बघत जा. आणि अँटीलॅम्डासाठी आल्फा ऋण. हे उणे विसरलं की लॅम्डा आणि अँटीलॅम्डा विरुद्ध दिशांना पोलराइझ झालेले दिसतात आणि माणूस चुंबकीय क्षेत्राचा शोध लावून बसतो.

---

खाडीपट्टा (रत्नागिरी)

पी = १, खरा साय, कट नाही: ०.९९७ ± ०.००५. मागच्या बाजूचं वजन आणि साय − ९० केल्यावर इव्हेंट प्लेनसकटही त्रुटीच्या आत १ येतोय. दोन्ही ठिकाणी आल्फा ०.७४७ केला.

पायॉनचा कट लावला की मात्र पी १ च्या खाली सरकतो, आणि कमी पीटीच्या लॅम्डांत जास्त. ही कार्यक्षमतेची दुरुस्ती कशी करायची? प्रत्येक लॅम्डाला १ ÷ कार्यक्षमता असं वजन द्यायचं का?

---

मालवणी_क्वार्क (मालवण)

लॅम्डाला वजन देऊन हे जाणार नाही, कारण गळती लॅम्डाच्या पीटीवर नाही, प्रोटॉन कुठल्या दिशेला सुटला त्यावर अवलंबून आहे.

रेस्ट फ्रेममध्ये प्रोटॉन आणि पायॉन दोघांनाही १०१ एमईव्ही संवेग मिळतो. १ जीईव्ही पीटीच्या लॅम्डातून निघालेला पायॉन सरासरी १५० एमईव्हीच्या आसपासच असतो, म्हणजे तुझ्या कटच्या काठावर. पायॉन लॅम्डाच्या उलट दिशेला सुटला की कटखाली जातो. म्हणजेच प्रोटॉन लॅम्डाच्या दिशेला, बीमला आडवा सुटलेले क्षय गळतात. आडवे गेले म्हणजे साइन थीटा* मोठे असलेले गेले. ८ ÷ पाय हा गुणक <साइन थीटा*> = पाय ÷ ४ धरून आलेला आहे; तुझ्याकडे आता तो त्याहून कमी आहे. उरलेल्या लॅम्डांवर <साइन थीटा*> मोज, (४ ÷ पाय) ने गुण, आणि पीटीच्या प्रत्येक पट्ट्यात पी ला त्याने भाग. इथला थीटा* बीमपासून मोजलेला, कोनीय संवेगापासूनचा नव्हे. दोन्हींना एकच नाव देण्याची वाईट सवय सगळ्यांनाच आहे.

ही गळती निरुपद्रवी जातीची. खरी विषारी जात वेगळी. प्रोटॉनचा फाय* आणि लॅम्डाचा फाय यांतल्या फरकाला डेल्टा म्हणू. गणित मांडलं तर खोटा सिग्नल येतो −व्ही-१ × <साइन डेल्टा>. पीटीच्या कटने डावं-उजवं बदलत नाही, म्हणून <साइन डेल्टा> शून्यच राहतो. पण चुंबकीय क्षेत्रात दोन ट्रॅक एकमेकांकडे वळतात की एकमेकांपासून दूर, यावर लॅम्डा सापडण्याची शक्यता बदलते, आणि तिथे डाव्या-उजव्याचा भेद येतो. कोलायडरमध्ये मध्य-रॅपिडिटीच्या दोन्ही बाजू सारख्या घेतल्या तर व्ही-१ विषम असल्याने हे कटतं. फिक्स्ड टार्गेटमध्ये (स्थिर लक्ष्यावर मारा) एकच बाजू दिसते, तिथे कटत नाही. स्टारच्या ३ जीईव्हीच्या विश्लेषणात त्यासाठी वेगळी पद्धत वापरावी लागली. तू टॉयमध्ये लॅम्डांना थोडा व्ही-१ देऊन आणि साइन डेल्टावर अवलंबून असलेली कार्यक्षमता लावून पी = ० ला किती खोटं पोलरायझेशन येतं ते बघच. प्रकल्पातलं सगळ्यात वाचनीय पान तेच होईल.

---

अलिबागकर (अलिबाग)

समजुतीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

सोन्याची दोन केंद्रकं ७ फर्मीच्या (१ फर्मी = १०^−१५ मीटर) अंतराने आपटली तर एकूण कोनीय संवेग = १९७ × (एका न्यूक्लिऑनचा संवेग) × ७ फर्मी. २०० जीईव्हीला हे सुमारे ७ लाख एच-बार (कोनीय संवेगाचं क्वांटम एकक), ७.७ जीईव्हीला सुमारे २६ हजार. सत्तावीस पट फरक, तुमचं म्हणणं बरोबर. पण यातला बराच भाग स्पेक्टेटर घेऊन जातात, आणि उरलेल्यातलाही बहुतेक मोठ्या रॅपिडिटीला राहतो. आपण मोजतो मध्य-रॅपिडिटीला. २०० जीईव्हीला केंद्रकं एकमेकांतून जवळपास आरपार जातात आणि मधे जो पदार्थ उरतो तो डावीकडून बघा की उजवीकडून, सारखाच दिसतो. त्याच्यात आडवा वेगफरक थोडा. ७.७ ला केंद्रकं जास्त अडतात, फरक मध्यापर्यंत पोचतो. शिवाय जास्त ऊर्जेला पदार्थ अधिक काळ पसरतो आणि व्हॉर्टिसिटी (पदार्थाचं स्थानिक फिरणं) पातळ होते.

व्हॉर्टिसिटी म्हणजे सगळा पदार्थ चक्रीसारखा गरगरतोय असं चित्र डोक्यात असेल तर ते काढा. ओहोटीला खाडीच्या मुखाशी मधलं पाणी जोरात बाहेर जातं आणि काठालगतचं जवळजवळ उभं असतं; कुठेही भोवरा दिसला नाही तरी मधल्या पट्ट्यात टाकलेलं पान स्वतःभोवती फिरतं. टकरीत तेच: एका बाजूचा पदार्थ +झेडकडे जास्त ओढलेला, दुसऱ्या बाजूचा −झेडकडे. लॅम्डाचा स्पिन हे ते पान.

किती फरक लागतो? पोलरायझेशन साधारण एच-बार ओमेगा ÷ २टी (ओमेगा म्हणजे व्हॉर्टिसिटी, इथे वेगाच्या उताराच्या निम्मी; टी तापमान). पी = १ टक्का आणि टी = १६० एमईव्ही घेतलं तर एच-बार ओमेगा = ३.२ एमईव्ही, ओमेगा = ४.९ × १०^२१ प्रति सेकंद. हेच प्रकाशवेगाच्या एककात लिहिलं तर दर फर्मीला प्रकाशवेगाच्या ३ टक्क्यांनी वेग बदलतोय. तीन फर्मीत १० टक्के. १०^२१ हा आकडा छाती दडपवतो, पण या भाषेत तो अगदी माफक वाटतो, आणि मला ही भाषा जास्त प्रामाणिक वाटते. स्टारने २०१७ ला छापलेला आकडा (९ ± १) × १०^२१, वर तापमानामुळे दुपटीची अनिश्चितता. त्याआधी मोजलेली सगळ्यात मोठी व्हॉर्टिसिटी अतिप्रवाही हेलियमच्या नॅनोथेंबांतली होती, १०^७ च्या घरातली.

ऊर्जा खाली नेत गेलं की पोलरायझेशन वाढतं: २०० जीईव्हीला पाव टक्का, ७.७ ला दोनेक टक्के, स्टारच्या ३ जीईव्हीला ४.९ टक्के. एलएचसीवर (सर्नचा कोलायडर) अ‍ॅलिस प्रयोगाला शून्याशी जुळणारं मिळालं. खाली वाढत वाढत कुठेतरी वळायला हवंच, कारण १.८८ जीईव्हीला संवेगच शून्य होतो. हाडेस प्रयोगाने सोनं-सोनं २.४ जीईव्हीला मोजलं तेव्हाही ते काही टक्क्यांचं मोठंच होतं. आणि २.४ म्हणजे दोन न्यूक्लिऑनांच्या टकरीत लॅम्डा तयार व्हायला लागणाऱ्या २.५५ च्याही खाली.

मालवणी_क्वार्क यांनी चुंबकीय क्षेत्राचा चिमटा काढलाय, तर तेही. लॅम्डाचं चुंबकीय आघूर्ण ऋण आहे (−०.६१३ न्यूक्लियर मॅग्नेटॉन), अँटीलॅम्डाचं धन. व्हॉर्टिसिटी दोघांना एकाच दिशेला वळवते, चुंबकीय क्षेत्र विरुद्ध. म्हणून दोघांची बेरीज व्हॉर्टिसिटी देते आणि वजाबाकी क्षेत्र. २०१७च्या निकालात अँटीलॅम्डाचं पोलरायझेशन किंचित जास्त दिसत होतं आणि बऱ्याच जणांनी त्यावर इमले बांधले. पुढे १९.६ आणि २७ जीईव्हीला भरपूर डेटा घेऊन मोजल्यावर फरक शून्याशी जुळला; टकरीनंतर उशिरा उरणाऱ्या क्षेत्रावर मर्यादा आली १०^१३ टेस्लाच्या आसपास. आमच्या अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीचं क्षेत्र मोजतायत, ते १०^−५ टेस्लाच्या घरातलं, तेव्हा ‘फक्त वरची मर्यादा’ म्हणून नाक मुरडू नये.

टॉयमध्ये नसलेली पण अहवालात लिहायलाच हवी अशी एक गोष्ट: सापडलेले सगळे लॅम्डा थेट पदार्थातून आलेले नसतात. सिग्मा-शून्य क्षयातून आलेला लॅम्डा आईच्या पोलरायझेशनच्या −१/३ पट घेऊन येतो, क्साय-ऋण मधून आलेला ०.९ हून जास्त. सगळं मिळून मोजलेलं पोलरायझेशन मूळपेक्षा १५ ते २० टक्क्यांनी कमी पडतं. वरचं ओमेगाचं गणित मोजलेल्या आकड्याला थेट लावलं तर तेवढी तूट राहते.

---

खाडीपट्टा (रत्नागिरी)

सत्राचे काही आठवडे उरलेत. पुढचा भाग म्हणून बीमच्या दिशेचं पोलरायझेशन (पी-झेड) की फाय मेसॉनचं स्पिन अलाइनमेंट (स्पिन अक्षाशी किती जुळतो ते)? लॅपटॉपवर कुठलं झेपेल?

---

वेंगुर्ले_बंदर (वेंगुर्ला)

पी-झेड घ्या. कोडचा नव्वद टक्के भाग तयार आहे, आणि पहिल्या क्रमाच्या प्लेनची कटकट नाही. लंबगोल टकरीत पदार्थ एका दिशेला जास्त जोरात पसरतो, त्यातून बीमच्या अक्षाभोवती चार पाकळ्यांची व्हॉर्टिसिटी येते; म्हणून दुसऱ्या क्रमाचा साय पुरतो. दुसऱ्या क्रमात मागच्या कणांना −१ वजन द्यायचं नाही, व्ही-२ (लंबगोल झुकाव) सम असतो. आधीचा कोड तसाच उचललात तर इथे उलटी चूक होईल.

पी-झेड = <कॉस थीटा*> ÷ (आल्फा × <कॉस² थीटा*>)

इथे थीटा* बीमपासून. छेदातली सरासरी आदर्श डिटेक्टरात १/३, तुमच्या कटनंतर वेगळी; मोजूनच घ्या. मग साइन(२फाय − २साय) ने (फाय हा लॅम्डाचा कोन) गुणून सरासरी आणि दुसऱ्या क्रमाच्या रिझोल्यूशनने भागाकार. खरा सिग्नल हजारात एकाच्या घरात. रिझोल्यूशन १ धरलं तरी तो पाच सिग्मांनी यायला पावणेसात कोटी लॅम्डा लागतील, तेव्हा टॉयमध्ये ५ टक्के घाला.

विषयही यातच जास्त जिवंत आहे. स्टारने २०१९ साली २०० जीईव्हीला हे छापलं तेव्हा पाकळ्यांचा आकार अपेक्षेप्रमाणे होता पण चिन्ह हायड्रोडायनॅमिक्सच्या बरोबर उलटं. तेच हायड्रो ग्लोबल पोलरायझेशन नीट सांगत होतं, त्यामुळे पळवाट नव्हती. २०२१ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की व्हॉर्टिसिटीच्या जोडीला शिअरचं (थर एकमेकांवर घसरण्याचं) पदही स्पिनला वळवतं आणि ते चिन्ह दुसऱ्या बाजूला ओढतं. पण उत्तर तापमानाचा उतार कसा धरता आणि लॅम्डाचं वस्तुमान घेता की स्ट्रेंज क्वार्कचं, यावर हलतं. माझ्या मते कोडं सुटलं म्हणणं घाईचं आहे. अहवालात ‘शिअर धरल्यास चिन्ह जुळू शकतं’ एवढंच लिहावं.

फाय मेसॉन दिसायला सोपा, करायला नाही. फाय ते के-धन के-ऋण हा प्रबळ क्षय; त्यात पॅरिटी (आरशातली समरूपता) टिकते, म्हणून स्पिन वर की खाली हे कळतच नाही, फक्त रो-शून्य-शून्य (अक्षावर स्पिन शून्य असण्याची शक्यता; पुढे नुसता रो) हा १/३ पासून किती ढळला तेवढं कळतं. कोनीय वितरण (१ − रो) + (३रो − १) × कॉस² थीटा*. रिझोल्यूशनची दुरुस्तीही सरळ भागाकाराची नाही:

रो − १/३ = [४ ÷ (१ + ३आर)] × (मोजलेला रो − १/३)

इथे आर म्हणजे <कॉस २(मोजलेला साय − खरा साय)>. पहिल्या क्रमाचं प्लेन वापरलंत तरी आर दुपटीच्या कोनाचाच घ्यायचा. इथे लोक हमखास पहिल्या क्रमाचा आकडा घालतात.

का अवघड, त्याचा हिशेब बघा. क्वार्क २ टक्के पोलराइझ असतील तर रो १/३ पासून ढळतो ४/९ × ०.०००४ एवढा, म्हणजे दहा हजारांत दोन, आणि तोही १/३ च्या खाली. स्टारने २०२३ ला छापलेली ६२ जीईव्हीपर्यंतची सरासरी ०.३५१, म्हणजे १/३ च्या वर ०.०१८. शंभर पट मोठा आणि उलट्या बाजूला. त्याच विश्लेषणात के-स्टार-शून्य मेसॉन १/३ शी जुळतो. एलएचसीवर कमी पीटीला के-स्टार १/३ च्या खाली गेलेला दिसला. व्हॉर्टिसिटीच्या एका सूत्रात हे बसत नाही. प्रबळ बलाच्या क्षेत्रातल्या चढउतारांचं स्पष्टीकरण पुढे आलंय, पण ते टॉयमध्ये घालण्याजोगं नाही.

तरीही फाय घ्यायचाच असेल तर पार्श्वभूमी सोडून करू नका. लॅम्डा ७.९ सेंटीमीटरच्या सी-टाऊमुळे (प्रकाशवेग × आयुष्य) शिरोबिंदूपासून (टकरीची जागा) वेगळा काढता येतो, फाय तिथेच फुटतो, आणि खाली कॅऑनांच्या यादृच्छिक जोड्यांचा डोंगर उरतो. दुसऱ्या इव्हेंटचे कॅऑन मिसळून किंवा एक कॅऑन १८० अंशांनी फिरवून पार्श्वभूमी वजा करतात. कॉस थीटा* च्या प्रत्येक खान्यात ही वजाबाकी वेगळी करा, एकदाच सगळ्यांची करून मग खाने पाडू नका. मिसळताना दोन्ही इव्हेंटची सेंट्रॅलिटी, शिरोबिंदूचा झेड आणि सायचा कोन एकाच खान्यातला हवा. सायची अट विसरली तर पार्श्वभूमीतला व्ही-२ पुरता वजा होत नाही आणि रो आपोआप १/३ पासून हलतो.